चिरंजीवांची बढती

गेल्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास बर्मिंगहॅमहून चिरंजीवांचा फोन आला आणि खुशाली विचारायच्या आधीच ते म्हणाले, “आई, मला बढती मिळाली!” झाले! पुढचे ऐकायला सौ. थांबली असेल तर शपथ. फोन माझ्या हातात कोंबून ती शेजारच्या काकूंकडे पोचलीसुद्धा. मुलगा तिकडे एका मोठ्या कंपनीत इंजिनियर आहे; बढती म्हणजे निदान मॅनेजर तरी झाला असणार, असा माझाही हिशेब. मी भारदस्त आवाजात विचारले, “मग आता हुद्दा काय?”

“फायरमन!” चिरंजीव उत्तरले.

मला वाटले, लाइन खराब आहे. पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. “अहो बाबा, कंपनीत नाही. आमच्या वेल्समधल्या छोट्या रेल्वेवर. चार वर्षं मी इंजिनं पुसत होतो ना, आता परीक्षा पास झालो. आता इंजिनात कोळसा घालायचा!”

“पगार किती?”

“पगार कसला? उलट जाण्यायेण्याचं भाडं माझं आणि सभासदत्वाची वर्गणीही माझीच.”

एव्हाना सौ.ने पेढ्यांचा अर्धा डबा रिकामा केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात शेजारचे काका भेटले. आवाज खाली आणून म्हणाले, “चांगली नोकरी सोडून बंबावर गेला म्हणे? तिकडे आगी फार लागतात का हो?” मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर आग माझ्याच डोक्यात लागली होती, आणि तिचे कारण शेजाऱ्यांना सांगण्यासारखे नव्हते.

कारण असे, की आमच्या घराण्याला फायरमन हा शब्द परका नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, बार्शी लाइटवर फायरमन होते. पुढे ड्रायव्हर झाले. सोलापूरकडच्या वाचकांना बार्शी लाइट सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची ही गाडी चालू केली. पुढे ती एकीकडे पंढरपूरला आणि दुसरीकडे लातूरला गेली, मग मिरजेलाही पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. आषाढीला तिच्या डब्यांत माणसे किती आणि डब्यांबाहेर किती, हे विठोबालाच ठाऊक.

अण्णांचे हात मला अजून दिसतात. गार पाण्याने, राखेने, रॉकेलने, कशानेही धुतले तरी रेषांमधला काळा रंग जात नसे. जेवताना पांढऱ्या भातावर ती बोटे उठून दिसत. मी चौथीत असताना हेडमास्तरांना भेटायला आले, तर सारा वेळ हात मागे बांधून उभे होते. मॅट्रिक झालो त्या रात्री त्यांनी मला अंगणात नेले आणि म्हणाले, “बाळ, एक कबूल कर. ह्या घरात पुन्हा कोळसा नको.” मी कबूल केले. बँकेत चिकटलो, पस्तीस वर्षे पांढऱ्या कागदावर निळी शाई उमटवली आणि पोराला परदेशी धाडले. आणि ते पोर पदरचे पैसे मोडून पुन्हा फावडे हातात घेते!

तेव्हा यंदा उन्हाळ्यात आम्ही उभयता बर्मिंगहॅमला गेलो ते, सौ.च्या भाषेत, “मुलाला भेटायला” आणि माझ्या मनात, त्याला चार शब्द सुनवायला.

पहिल्याच शनिवारी त्याने आम्हांला गाडीत बसवले. श्रूजबरी मागे पडले की डोंगर लागतात, माखन्लेथ नावाच्या स्टेशनात गाडीचे दोन तुकडे होतात, आणि आपला तुकडा खाडीच्या काठाकाठाने समुद्राकडे निघतो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मेंढ्या. उतरायचे गाव टाउइन. त्याचे इंग्रजी स्पेलिंग पाहून मी ‘टायविन’ वाचले होते. तिथल्या लोकांनी हसत दुरुस्त केले. वेल्श ही निराळीच भाषा. आमच्या रेल्वेचे नाव तर असे, की त्यातल्या ‘ल’ला जीभ टेकवायची आणि आवाज न काढता कडेने नुसती फुंकर घालायची. मला ते शेवटपर्यंत जमले नाही. सौ.ला पहिल्या खेपेस जमले. लहानपणी चूल फुंकलेली आहे ना! कागदावर ते नाव मी तालिथ्लिन असे लिहितो. फुंकर वाचकांनी आपली घालावी.

मोठ्या स्टेशनापासून चार पावलांवर हे छोटे स्टेशन. रुळ पाहिले आणि मी, नको नको म्हणत असताना, वाकून वीत लावलीच. माथेरानची गाडी दोन फुटी, बार्शी लाइट अडीच फुटी, आणि ही बरोबर मधली, सव्वादोन फुटी. मार्गही सव्वासात मैलांचा. सगळा कारभार असा सव्वाचा, शुभ म्हणायला हरकत नाही.

तिकिटाच्या खिडकीत एक चष्मेवाल्या आजी होत्या. चिरंजीव कानाशी लागले, “ह्या दातांच्या डॉक्टर होत्या. आता निवृत्त.” झेंडी घेऊन उभा असलेला गार्ड हा शाळामास्तर, फलाटावरच्या कुंड्यांना पाणी घालणारा एक पोलीस अधिकारी, चहाच्या दुकानात कपबश्या विसळणाऱ्या बाई कुठल्याशा कचेरीत हिशेबनीस. पगारी माणसे थोडी आहेत, नाही असे नाही; वाफेचे इंजिन हा प्राणी आठवड्याचे सातही दिवस सांभाळावा लागतो. पण बाकीचा गाडा ओढतात ती ही हौशी माणसे. आपापल्या गावाहून, आपापल्या खर्चाने येतात, ठरलेल्या पाळीला हजर होतात आणि उशीर झाला तर बोलणीही खातात. फुकट काम करून वर बोलणी खाणारी माणसे मी आजवर फक्त लग्नघरात पाहिली होती.

गाडी सुटायला वेळ होता. त्या मास्तर-गार्डाने मला ह्या रेल्वेची कुळकथा सांगितली. ती ऐकताना माझे चार शब्द थोडे मागे सरकले, हे कबूल केले पाहिजे.

डोंगरात ब्रिन एग्लुइस नावाची पाटीच्या दगडाची खाण होती. आपण ज्यावर धुळाक्षरे गिरवली ती पाटी. तिकडे त्याच जातीच्या दगडाने घरे शाकारतात. छपराच्या पाट्यांच्या मापांना डचेस, काउंटेस, लेडी अशी नावे! उमरावांच्या बायका खाणवाल्यांनी छपरावर चढवून ठेवल्या. तो दगड समुद्रापर्यंत आणायला १८६५ साली ही रेल्वे झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावरून उतारूही जाऊ लागले. उतारूंसाठी तपासणी करायला सरकारी साहेब आला, तर पुलाखालून डबा जाताना भिंत आणि दार ह्यांत पुरेशी जागाच नाही! आता पूल पाडायचे की काय? वेल्श डोक्याने तोड काढली: डब्यांची एका बाजूची दारे कायमची बंद करा आणि पुलाखाली रुळ थोडे एका अंगाला सरकवा. दीडशेहून अधिक वर्षे झाली, दारे अजून एकाच बाजूला आहेत. आमच्या चाळीतल्या जिन्याचीही डागडुजी अशीच झाली होती. पण तिचे कोणी अद्याप कौतुक केले नाही.

१९११ मध्ये खाण आणि रेल्वे हेन्री हेडन जोन्स ह्या स्थानिक खासदाराने विकत घेतली. पुढे दगडाला गिऱ्हाईक घटले आणि १९४६ च्या अखेरीस खाण खचून बंद पडली. वर्षभराने इंग्लंडातल्या साऱ्या रेल्वे सरकारने घेतल्या. त्या यादीत ह्या रेल्वेचे नावच नव्हते. पण जोन्ससाहेबाचा शब्द होता, की मी जिवंत असेतो गाडी चालेल, आणि तो त्याने पाळला. १८६६ सालचे डोल्गोख नावाचे एकटे इंजिन धापा टाकीत आठवड्यातून थोड्या फेऱ्या करी. रुळांमध्ये गवत इतके माजले होते, की रुळ खिळ्यांनी धरले आहेत की मुळांनी, हे सांगता येऊ नये. १९५० च्या जुलैत साहेब वारले.

आता रेल्वे मोडीत निघणार, एवढे उघड होते. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या एका लेखकाला वाटले, की असे होऊ देता कामा नये. त्याने आणि मित्रांनी ११ ऑक्टोबर १९५० रोजी, वाचकहो, आमच्या चिरंजीवांच्याच बर्मिंगहॅममध्ये, एका हॉटेलात सभा बोलावली. सभेत ठरले, की सभासदांनी वर्गणी काढायची आणि स्वतः राबून रेल्वे चालवायची. असा उद्योग तोवर जगात कोणी केला नव्हता. आणि १४ मे १९५१ ला गाडी निघाली! सारा मार्ग नाही, पहिल्या दोनअडीच मैलांपुरतीच, पण निघाली. शेजारची कॉरिस नावाची रेल्वे नुकतीच बंद पडली होती, तिचे रुळही नेमके सव्वादोन फुटी. तिची उरलेली दोन्ही इंजिने ह्यांनी विकत आणली. त्यांतले एक ह्यांच्या रुळांवर घातले मात्र, ते मधोमध जमिनीवर बसले. रुळ जागोजाग फाकलेले आणि इंजिनाच्या चाकांच्या धावा अरुंद!

“मग?” मी विचारले.

“मग काय, रुळ नीट केले. त्याला काही वर्षं लागली,” मास्तर म्हणाले, आणि घड्याळ पाहून धावत झेंडीकडे गेले.

ते ‘काही वर्षे लागली’ मला चांगलेच झोंबले. आपल्याकडे पडक्या वाड्याबद्दल संपादकांना पत्र लिहिणारी माणसे आहेत. मी स्वतः तीन लिहिली आहेत. पत्र लिहून झाल्यावर पहार घेऊन जायचे असते, हे मला सुचले नव्हते. अर्थात आपल्याकडे कोणी फुकट राबत नाही असे नव्हे. वारीत पाणी घालणारे, मंडळाच्या मांडवासाठी रात्री जागवणारे शेकडो आहेत. पण देवाच्या कामाला हात लावणे निराळे आणि गंजलेल्या खिळ्याला हात लावणे निराळे, असे निदान मला तरी तोवर वाटत होते.

गाडी लागली. इंजिन चार नंबरचे, १९२१ साली बांधलेले, कॉरिसहून आणलेल्या त्या दोघांपैकी एक. आणि त्याच्या पोटातून आमचे चिरंजीव डोकावले. डोक्याला रुमाल, अंगात निळा डगला, नाकावर काळा ठिपका. सौ.ने भरल्या फलाटावर मोठ्याने म्हटले, “अगंबाई, हे काय रूप!” आणि लगेच फोटो काढला.

पेन्द्रेची इंजिनशाळा मागे टाकून गाडी चढणीला लागली. घरांची परसे संपली, कुरणे आली. मेंढ्यांची पोरे डब्याबरोबर दहा पावले पळत आणि कंटाळून थांबत. सव्वादोन फुटी गाडीतून जग फार जवळून दिसते. नेचाची पाने खिडकीत हात घालतात. वेग इतका बेताचा, की दर वर्षी ऑगस्टात येथे माणसे गाडीशी धावण्याची शर्यत लावतात आणि पुष्कळ जण जिंकतात. इंजिनाचा भकभकाट डोंगरावर आपटून परत येई. तो ताल माझ्या ओळखीचा होता. कुर्डुवाडीला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याच तालावरून मी ओळखी, की अण्णांची गाडी आली.

दरीवरचा विटांचा उंच पूल ओलांडला की डोल्गोखचे स्टेशन. येथे इंजिन पाणी पिते. लोक धबधबा पाहायला उतरले. मी इंजिनापाशी गेलो. चिरंजीव टाकीवर चढून पाणी भरून घेत होते. खाली आले, हातातली चिंधी खांद्यावर टाकली आणि मला कपाळ पुसताना त्यांचे मनगट दिसले. उजव्या मनगटावर, अंगठ्याच्या मागे, भाजल्याचा एक आडवा तांबूस डाग. अण्णांच्या नेमक्या त्याच जागी होता. भट्टीच्या दाराशी हात गेला की तिथेच चटका बसतो, असे ते म्हणत.

मी महिनाभर घोकून ठेवलेले चार शब्द त्या वेळी बोलायला हवे होते. मी विचारले, “फार दुखलं का रे?”

“पहिल्या दिवशी. आता कळत नाही,” ते म्हणाले आणि शिट्टी झाली.

अबरगिनोल्विन गेले. पूर्वी उतारूंची गाडी येथेच थांबे. पुढचा पाऊण मैल दगडांच्या वाघिणींचाच होता. तो उतारूंना खुला करायलाही ह्या हौशी मंडळींनी १९७६ उजाडवले. नांत ग्वेर्नोलचे शेवटचे स्टेशन झाडीत, कड्याला टेकलेले. तिथे रुळ संपतात आणि वर खाणीकडे जाणारी उतरणीची जुनी वाट तेवढी दिसते. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सचा हा सारा पाटीच्या दगडाचा मुलूख जागतिक वारशात घातला. त्यात ही खाण आणि ही रेल्वेही आहे. अण्णांच्या बार्शी लाइटचे रुळ पुढे सगळे रुंद झाले. ते वाईट झाले असे मी म्हणणार नाही. लातूरच्या माणसाला मुंबईला जायला आता कुर्डुवाडीला सामान उतरवावे लागत नाही. मीही त्या गाडीने गेलो आहे, आणि बार्शी आली तेव्हा गाढ झोपलो होतो.

परतल्यावर मास्तरांना मी सहज सांगितले, की माझे वडील बार्शी लाइटवर होते. मास्तरांचा चेहरा असा खुलला, की मला वाटले मी कुणा संस्थानिकाचे नाव घेतले. “बार्शी? कॅलथ्रॉपची बार्शी?” त्यांनी आणखी दोघांना हाक मारली. कॅलथ्रॉपने बार्शीला जे साधले त्याच धर्तीवर पुढे इंग्लंडात लीक आणि मॅनिफोल्डची रेल्वे उभारली, १९०४ साली. ती १९३४ मध्ये बंद पडली. रुळ उखडले गेले आणि तिथे आता पायवाट आहे. “आमच्यासारखी माणसं तेव्हा नव्हती,” मास्तर म्हणाले. त्यात बढाई नव्हती, हळहळ होती. मग त्यांनी विचारले, “तुमच्या वडिलांनी कोणती इंजिने चालवली?” मला सांगता आले नाही. पस्तीस वर्षांच्या पासबुकांचे आकडे तोंडपाठ असलेला मी, बापाच्या इंजिनाचा नंबर मला ठाऊक नव्हता.

तो विषय टाळायला मी समोरच्या संग्रहालयात शिरलो. स्टेशनाला लागूनच आहे. साऱ्या ब्रिटिश बेटांतल्या छोट्या रेल्वेंच्या वस्तू येथे जमवल्या आहेत. डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीतले एक ठेंगणे इंजिन आहे. त्याची गंमत अशी, की मोठ्या रुळांवर काम पडले की त्याला यारीने उचलून एका मोठ्या गाड्यावर बसवीत आणि हे वर बसून खालची चाके फिरवी. आमच्या बँकेचे काही साहेब मला आठवले. एका कोपऱ्यात रेव्हरंड ऑड्री ह्यांची अभ्यासिका जशीच्या तशी मांडली आहे. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे ते हेच. १९५२ मध्ये ते ह्याच रेल्वेवर हौशी गार्ड होते आणि पुढे त्यांच्या गोष्टींत ही रेल्वे निराळ्या नावाने आली. नातवंडांच्या हट्टापायी थॉमसची निळी खेळणी घेतलेल्या आजीआजोबांना हे सांगावे म्हणून लिहिले.

मी तिथे रेंगाळत होतो, तोच पलीकडून सौ.चा आवाज आला, “अहो, इकडे या लवकर! हा बघा आपला बंब!”

गेलो. खरोखर बंब! चार चाकांवर उभा केलेला, कमरेएवढ्या घेराचा, वर धुराड्याची नळी काढलेला, आपल्या न्हाणीघरातला बंब. पाटीवर लिहिले होते: ‘जॉर्ज हेन्री’, १८७७, पेन्ऱ्हिन खाणीतले इंजिन. उभा बॉयलर, खाली जाळी, मध्ये आग, भोवती पाणी. दुसरे काय असते बंबात? सौ. पदर तोंडाला लावून हसत होती. मागून चिरंजीव आले. हात धुऊन आले होते. अर्थात काही उपयोग झाला नव्हता. ते मात्र हसले नाहीत.

“मी पहिल्यांदा इथं आलो ना, तेव्हा ह्याच्याच पुढे अर्धा तास उभा होतो,” ते म्हणाले. “बाबा, अण्णांनी मला बंबावरच तर शिकवलं.”

“काय शिकवलं?”

“फायरिंग.”

मग सारे बाहेर आले. दिवाळीला आम्ही दर वर्षी कुर्डुवाडीला जात असू. नरकचतुर्दशीच्या पहाटे अण्णा चारला उठत आणि नातवाला हळूच उठवून न्हाणीघरात नेत. आम्हांला वाटे, म्हाताऱ्याला झोप नाही आणि पोराला फटाक्यांची घाई. तिथे त्या तांब्याच्या बंबापुढे पाटावर बसून आजोबांनी सहा वर्षांच्या पोराला सांगितले होते: थोडं घाल आणि वेळेवर घाल. जाळी झाकू नको. आग पातळ आणि उजळ हवी. धूर काळा निघाला, की चूक कोळशाची नाही, आपली. “इथं पहिल्या दिवशी शिकवणाऱ्यानं अगदी हेच सांगितलं,” चिरंजीव म्हणाले, “आणि मला हसू फुटलं. त्याला वाटलं, मी टवाळी करतोय.”

मला काय वाटले ते नीट सांगता येत नाही. राग नव्हे, पण बरेही वाटले नाही. एकाहत्तराव्या वर्षी माणसाला आपल्या पोराचा हेवा वाटावा, हे शोभत नाही. मी म्हणालो, “मला कधी शिकवलं नाही त्यांनी. मला तर शपथ घातली होती.”

“विचारलं होतं मी त्यांना, बाबांना का नाही शिकवलं म्हणून.”

“मग?”

“म्हणाले, ‘त्याला शिकवलं असतं तर गोडी लागली असती. गेला असता इंजिनावर. तुला आता कोण घेतंय रेल्वेत!’”

सौ.ने इतक्यात चहा घेऊया म्हणून विषय बदलला. चहा चांगला होता. दातांच्या डॉक्टरीणबाई खिडकी बंद करून आमच्यात येऊन बसल्या आणि कोळशाच्या काळजीत पडल्या. दक्षिण वेल्समधली मोठी उघडी खाण २०२३ मध्ये बंद झाली. कोळशाच्या देशात आता इंजिनांसाठी कोळसा बाहेरून येतो. शिवाय जुने सभासद थकत चालले. तरुण किती येतात, ह्यावर सारे. हे सांगताना त्यांनी चिरंजीवांकडे असे पाहिले, की मला तिथल्या तिथे सभासदाचा अर्ज मागावा लागला. वर्गणी किती, हे सौ.ला अजून सांगितलेले नाही. हा अंक तिच्या हाती पडला की कळेलच.

पुण्याला परतल्यावर पहिले काम कोणते केले असेल, तर गॅलरीतला बंब आत आणला. अण्णांच्या मागे तो कुर्डुवाडीहून आणला होता आणि सौ.ने त्यात कोरफड लावली होती. कोरफडीची सोय कुंडीत झाली. चिंच लावून दोन दिवस घासला तेव्हा तांबे दिसू लागले. यंदाही चिरंजीव दिवाळीला येणार नाहीत. तिकडे शाळांना सुट्ट्या असतात, गाड्यांना गर्दी असते आणि फायरमनला रजा नसते. तेव्हा नरकचतुर्दशीचे पाणी मीच तापवायचे ठरवले आणि गेल्या रविवारी गच्चीवर त्याची रंगीत तालीम केली.

बंब कोळशाने गळ्यापर्यंत भरला आणि पेटवला. दहा मिनिटांत असा काळा धूर निघाला, की सोसायटीचे चिटणीस धावत वर आले, त्यांच्यामागे शेजारचे काकाही, “आता खरोखरच बंब बोलवायचा का?” असे विचारत. तासाने हात घालून पाहिला, पाणी जेमतेम कोमट. शेवटी बर्मिंगहॅमला फोन लावला. तिकडे पहाट होती. चिरंजीवांनी निमूट ऐकून घेतले.

“किती घातलात?”

“भरला.”

“बाबा, तो सगळा बाहेर काढा,” ते म्हणाले. “जाळी खालून मोकळी करा. आता थोडं घाला. थांबा, फोन बंद करू नका. धूर कसा दिसतोय, ते मला सांगत राहा.”